अनुस्वार दिसेल असा पडदा हवा: चार वर्षं वापरलेल्या ऑल-इन-वनविषयी

नाशिकला अशोकस्तंभाजवळ माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पत्रिका, बिलबुकं जुळवून देण्याचं, दुकान आहे. आठ बाय दहाची खोली, त्यातली निम्मी जागा कागदाची रिमं आणि लॅमिनेशनचं मशीन यांनी घेतलेली. २०२१ साली दुसरी लाट ओसरून दुकानं उघडली, तेव्हा जुना टॉवरवाला कॉम्प्युटर काढला आणि २४ इंची ऑल-इन-वन घेतला, म्हणजे स्क्रीनच्या पाठीतच सगळा कॉम्प्युटर. फुल एचडी स्क्रीन, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, किंमत ६२ हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते त्या एका कंपनीपुरतं नाही. या जातीचे बहुतेक कॉम्प्युटर असेच बनतात.

आधी चांगलं सांगते. टेबलावर एकच वायर. पायाशी डबा नाही, त्यामुळे गिऱ्हाईक बाजूला खुर्ची ओढून बसू शकतं आणि प्रूफ बघता बघता सांगू शकतं, "ताई, मामांचं नाव वर घ्या." पूर्वी ते माझ्या पाठीमागे उभे राहून मान वाकडी करून बघायचे. पंख्याचा आवाज पहिली दोन वर्षं जाणवलासुद्धा नाही. दिवाळीआधी दुकान रंगवायला काढलं तेव्हा सगळा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून रिक्षाने घरी नेला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तातडीच्या पत्रिका पुऱ्या केल्या. जागेची अडचण असलेल्या माणसाला हा प्रकार किती सोयीचा आहे, हे वापरल्यावरच कळतं. म्हणूनच पुढचा कॉम्प्युटरही मला ऑल-इन-वनच घ्यायचाय. फक्त तो आत्तासारखा नको.

पहिलं गाऱ्हाणं स्क्रीनचं. मराठी अक्षराला वर-खाली जागा लागते. मध्ये जोडाक्षर, वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, असं सगळं एकावर एक. २४ इंची फुल एचडी स्क्रीनवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, येतात. दहा पॉइंटचा मजकूर खऱ्या आकारात पाहिला तर ही सगळी चळत जेमतेम १३ पिक्सेलांत बसवायची. अनुस्वाराच्या वाट्याला एखाद-दुसरा पिक्सेल येतो, तोही राखाडी.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नपत्रिकेत "पिंपळगाव बसवंत"चं "पिपळगाव" झालं. टाइप करताना माझ्याकडून अनुस्वार राहिला आणि प्रूफ वाचताना स्क्रीनवर तो नाही हे डोळ्यांनी पकडलं नाही. घरच्यांनीही मोबाइलवर प्रूफ पाहून होकार दिलेला. सहाशे पत्रिका ऑफसेटवर छापून आल्या आणि मुलीच्या आजोबांनी पहिल्याच पत्रिकेत चूक दाखवली. पत्रिका मी माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या. पैशांपेक्षा जास्त लागलं ते आजोबांचं बोलणं. ते म्हणाले, "गावाचं नाव आहे हो ते." माझे वडील नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये होते, नोकरीची सगळी वर्षं त्यांनी भिंगाखाली एकेक रेघ तपासण्यात घालवली. त्या घरात वाढलेल्या मला ते वाक्य अजून आठवतं. तेव्हापासून प्रत्येक पत्रिका दोनशे टक्के मोठी करून ओळीओळीने वाचते. वेळ दुप्पट जातो.

म्हणून पुढच्या ऑल-इन-वनमध्ये २७ इंची ५के, म्हणजे आडव्या ओळीत पाच हजारांवर पिक्सेल असलेली, स्क्रीन हवी. हा हट्ट चैनीचा नाही. अशी स्क्रीन इंचाला सुमारे २१८ पिक्सेल देते, म्हणजे त्याच दहा पॉइंटला ३० पिक्सेल मिळतात आणि अनुस्वार गोल दिसतो. आकाराचंही तसंच. २४ इंची स्क्रीनची उंची पावणेबारा इंचांच्या आसपास असते आणि ए-फोर कागदाची ११.७. म्हणजे उभा ए-फोर खऱ्या आकारात बसतो खरा, पण वरची टूलबार आणि खालची पट्टी धरली की बसत नाही. रोज शंभरदा वर-खाली सरकवायचं. २७ इंचीची उंची सव्वातेरा इंच. तिथे पूर्ण पान टूलबारसकट समोर राहतं आणि शेजारी दुसरंही मावतं.

अशी स्क्रीन बनत नाही असं नाही. २०१४ पासून ॲपलच्या २७ इंची ऑल-इन-वनमध्ये, म्हणजे आयमॅकमध्ये, ५के स्क्रीन होती. माझ्याकडे अल्बमचं काम देणाऱ्या एका फोटोग्राफरच्या स्टुडिओत २०१७चा तसा आयमॅक आहे. त्यावर माझीच एक पत्रिका उघडून पाहिली आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसले. छापलेल्या कागदाइतकं स्वच्छ अक्षर. २०२२च्या मार्चमध्ये २७ इंची आयमॅक बंद झाला. आता मिळतो तो २४ इंची. त्याची स्क्रीनही तितकीच बारीक, ४.५के आहे, पण कागद मावण्याचा प्रश्न तिथेही उरतोच.

त्याच फोटोग्राफरने दाखवलेली दुसरी गोष्ट मला स्क्रीनइतकीच आवडली. वायर काढायची, पाठीमागे वायरीच्या खोबणीतलं बटण दाबायचं, की एक छोटं दार उघडतं. आत रॅमच्या चार खाचा. त्याने ८ जीबीचे ४० जीबी स्वतःच्या हाताने केले, दहा मिनिटांत.

माझ्याकडे मात्र असं झालं. अल्बमचं पान १२ बाय ३६ इंचांचं असतं. छपाईच्या ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ते ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल होतं, म्हणजे जवळपास ३.९ कोटी पिक्सेल. एक पूर्ण लेअर, म्हणजे चित्राचा एक थर, ११७ एमबीच्या आसपास. दहा लेअर झाले की एक जीबी ओलांडला. अशी तीन पानं, शेजारी डिझाइनचं कोरल, आणि गिऱ्हाइकांचा सगळा मजकूर व्हॉट्सॲपवरच येत असल्याने ब्राउझरही उघडा. ८ जीबी कधी भरतात कळत नाही. मग माउस फिरत राहतो आणि मी चहा सांगते. रॅम वाढवायला माणूस बोलावला. त्याने मागचं कव्हर काढलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, रॅम बोर्डावरच सोल्डर केलीय. दुसरी खाच दिलेलीच नाही." विकत घेताना हे मी विचारलं नव्हतं आणि दुकानदारानेही सांगितलं नव्हतं. घेणाऱ्यांनी हा प्रश्न पहिला विचारावा.

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने समजावलं की सोल्डर करण्यामागे नुसता लबाडीचा हिशेब नसतो. कमी वीज खाणारी वेगवान रॅम प्रोसेसरच्या जितकी जवळ तितकी बरी, आणि लांब खाचेत बसवली तर ती तो वेग धरू शकत नाही. ॲपलच्या आताच्या चिपांत तर रॅम चिपच्याच पाकिटात असते. पण त्यावरही उपाय निघालाय. एलपीकॅम२ नावाची चपटी पट्टी आली आहे, ती स्क्रूने बोर्डाला आवळतात, रॅम तीच वेगवान जातीची आणि तरी बदलता येते. २०२४ मध्ये लेनोवोने थिंकपॅड पी१ लॅपटॉपमध्ये ती दिली. लॅपटॉपच्या एवढ्याशा पोटात जे बसतं, ते २७ इंची पाठीत बसायला काय हरकत आहे? निदान सुरुवातीलाच १६ जीबी तरी हवी. आयमॅकमध्ये ऑक्टोबर २०२४च्या एम४ चिपच्या मॉडेलपासून तेवढी येते, पण स्टोरेज अजून २५६ जीबीपासूनच सुरू होतं. एका लग्नाचे मूळ फोटोच शंभर जीबी होतात. एसएसडीसुद्धा दार उघडून बदलता यावी, एवढंच मागणं.

आता माझ्या मनातली सगळ्यात मोठी गोष्ट. ऑल-इन-वनचं आतलं सामान पाच-सहा वर्षांत जुनं होतं, स्क्रीन मात्र दहा-दहा वर्षं छान चालते. आणि आतलं गेलं की स्क्रीनही भंगारात. हे मला सहन होत नाही. उपाय साधा आहे. मागे एक एचडीएमआय किंवा यूएसबी-सीचं असं पोर्ट द्या, ज्यातून बाहेरचं चित्र आत घेता येईल. मग कॉम्प्युटर थकला तरी स्क्रीन नव्या मशीनला मॉनिटर म्हणून लागेल. २००९च्या अखेरीपासून २०१४पर्यंतच्या बऱ्याच आयमॅकांत ही सोय होती, टार्गेट डिस्प्ले मोड म्हणायचे तिला. ५के स्क्रीन आली आणि ती सोय गेली. काही विंडोज ऑल-इन-वनमध्ये एचडीएमआय-इन अजून मिळतं, पण जाहिरातीत ते कुठेतरी तळाशी बारीक अक्षरात. घेताना "एचडीएमआय आहे का" असं विचारू नका, "आत घेणारं आहे का" असं विचारा. माझ्याला एचडीएमआय आहे, ते फक्त बाहेर देतं.

स्टँडचं थोडक्यात सांगते. पुढे-मागे कलतो, वर-खाली होत नाही. माझी मान दुखायला लागली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. ए-फोरची दोन रिमं खाली ठेवल्यावर ती आली. मॉनिटरच्या स्टँडला उंची कमी-जास्त करायची सोय सर्रास मिळते, इथेही मिळायला हवी.

दुकानाचं दार पश्चिमेला आहे. दुपारी चारनंतर रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचांवरून ऊन थेट स्क्रीनवर येतं आणि मला पत्रिकेऐवजी माझाच चेहरा दिसतो. मॅट काच हवी. एम४ आयमॅकच्या वरच्या मॉडेलांत जादा पैसे देऊन तशी काच मिळते. रोज आठ-नऊ तास समोर बसणाऱ्यासाठी ती सगळ्याच मॉडेलांत असावी असं मला वाटतं.

पोर्टं मागे असतात, भिंतीकडे. दिवसातून वीस पेनड्राइव्ह येतात आणि प्रत्येक वेळी मी हाताने चाचपडत खाच शोधते. दोन यूएसबी आणि एक मेमरी कार्डची खाच खालच्या कडेला, समोर हवी. फोटोग्राफर कार्डच घेऊन येतात.

धुळीचं मात्र नीट सांगायला हवं. आमच्या रस्त्यावर वर्षभर काही ना काही खोदलेलं असतं. तिसऱ्या उन्हाळ्यात पंखा घरघरायला लागला आणि एप्रिलमधल्या एका दुपारी मशीन तापून आपोआप बंद पडलं. साफ करायला नेलं तर कळलं, या मॉडेलच्या पंख्यापर्यंत मागून पोचता येत नाही, चिकटवलेली स्क्रीन पुढून उचकटावी लागते. परत आलं तेव्हा उजव्या कोपऱ्यात एक उभी रेघ होती, ती आजही आहे. बाहेरून ओढून काढता येईल, पाण्याखाली धुता येईल अशी एक जाळी दिली असती तर यातलं काही झालं नसतं. कूलरला जाळी असते, एसीला असते.

आणि लाइट. वीज गेली की इन्व्हर्टर उचलेपर्यंतच्या क्षणात मशीन बंद पडतं. यूपीएस घेतलाय, पण मग टेबलाखाली पुन्हा एक डबा आलाच. बऱ्याच ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपचंच सामान असतं, तर दहा मिनिटांची एक बॅटरीही असू द्या. फाइल सेव्ह करून नीट बंद करता येईल, एवढंच. ती उन्हाळ्यात फुगेल ही भीती मला समजते, म्हणून ती बाहेरून बदलता येईल अशा खणात हवी.

या मशीनला मी पाचपैकी तीन तारे देते. जागा वाचवली याचे पूर्ण, स्क्रीनचा एक आणि दुरुस्तीचा एक कापलाय. नुसत्या पावत्या, बिलबुकं आणि ऑफिसचं काम असेल तर असा २४ इंची घ्यायला हरकत नाही. देवनागरी मजकूर रोज वाचायचा असेल, अल्बम करायचे असतील तर थांबा.

मीही थांबलेय. सिंहस्थाची हॅन्डबिलं, बॅनर, पासांची कामं सुरू होण्याआधी नवीन मशीन हवंय आणि त्यासाठी दीड लाख बाजूला ठेवलेत. एम४ आयमॅक भारतात १,३४,९०० पासून आला, म्हणजे रक्कम पुरते, पण त्याला ना रॅमचं दार, ना बाहेरचं चित्र आत घेण्याची सोय. नाशिकमध्ये कोणाकडे २७ इंची, ४के किंवा त्याहून बारीक, रॅम वाढवता येणारा आणि चित्र आत घेणारा ऑल-इन-वन चालू असेल तर कळवा. पिंपळगावच्या पत्रिकेची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन येईन आणि शंभर टक्क्यांवर उघडून बघेन.