वॉर्डाचे सर्वेक्षण विकत घेण्यापूर्वी

इंदूर महापालिकेची मागची निवडणूक जुलै 2022 मध्ये झाली. पुढच्या निवडणुकीचे वेध लागलेल्या इच्छुकांना वॉर्डनिहाय सर्वेक्षण करून देणाऱ्या एका स्थानिक संस्थेचा अहवाल रामबागेतील एका परिचितांनी घेतला आणि आकडे तपासण्यासाठी माझ्याकडे दिला. छपाई सुबक आहे, अहवाल वेळेवर मिळाला, बूथचे नकाशे तर उत्तमच आहेत.

परिचितांची तक्रार अशी की, नमुन्यात, म्हणजे मुलाखतींसाठी निवडलेल्यांत, ‘समोरच्या पक्षाची’ माणसे जास्त धरली आहेत. मला ती पटली नाही. 2012 मध्ये अमेरिकेत ओबामा आणि रॉम्नी यांच्या लढतीत हाच आरोप झाला होता. पाहण्यांत डेमोक्रॅट, म्हणजे ओबामांच्या पक्षाचे लोक, जास्त आहेत असे म्हणून काहींनी पक्षांचे प्रमाण ‘दुरुस्त’ केले, रॉम्नींना पुढे दाखवले, आणि निवडून आले ओबामाच. वय किंवा शिक्षण जनगणनेशी ताडून पाहता येते. पक्षाकडचा ओढा मात्र मतासारखाच बदलत असतो, आणि तोच आधी ठरवून टाकला तर मतदाराला विचारायचे काय उरले? तिथे निदान अनेक राज्यांत मतदारनोंदणीच्या वेळी पक्ष नोंदवता येतो. आपल्या फॉर्म 6 मध्ये, म्हणजे मतदारनोंदणीच्या अर्जात, नाव, वय, पत्ता विचारतात. पक्षाचा रकानाच नाही.

या संस्थेने तो रकाना स्वतःच पाडला आहे. मतदारयादीतील प्रत्येक नावापुढे ‘कल’ लिहिला आहे, तोही आडनाव पाहून. जोशी, कुलकर्णी दिसले की पक्ष ठरला! एकाच घरातील सासरे एकीकडे आणि सून दुसरीकडे मत देते, हे रामबागेत कुणालाही विचारले असते तरी कळले असते. पुढे याच कलाच्या प्रमाणात मुलाखतींचा कोटा वाटून दिला आहे.

भारांकनाचा, म्हणजे कोणत्या उत्तराला किती वजन द्यायचे याचा, घोळ याहून मोठा आहे. त्यासाठी 2024 च्या लोकसभेचा निकाल आधाराला घेतला आहे. त्या वेळी इंदुरात काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला होता, भाजपचे शंकर लालवानी 11 लाख 75 हजारांच्या मताधिक्याने जिंकले आणि ‘नोटा’ला 2 लाख 18 हजारांहून अधिक मते पडली. ज्या लढतीत एक प्रमुख पक्षच उतरला नव्हता, तिच्यावरून वॉर्डातील बलाबल कसे काय काढणार? त्यातून ‘मागे मत कुणाला दिले’ असे विचारले की जिंकलेल्याचे नाव सांगणारे अनेकदा जास्त निघतात.

मुलाखती संध्याकाळी मुख्य रस्त्यावर घेतल्याचे एका तळटीपेत बारीक अक्षरांत छापले आहे. दुकान सांभाळणारे भेटले असतील, घरातल्या बायका आणि म्हातारी माणसे नक्कीच सुटली असतील.

नकाशे सुटे मिळत असतील तर जरूर घ्यावेत. टक्केवारीच्या पानांचे पैसे मात्र, यादीतून नावे कशी निवडली आणि किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला हे संस्थेकडून लेखी घेतल्याशिवाय देऊ नयेत.