हौदासाठी घेतलेला चुंबक: आठ महिन्यांनंतर

संक्रांतीपर्यंत पाच स्टार होते, आता तीन. दोन का गेले ते सांगायला बसलोय.

सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणजे हौद आलाच. आणि हौद आला की त्यात काहीतरी पडणार. जूनमध्ये आमचा पान्हा पडला, पाठोपाठ झाकणाची कडी. उतरून काढायला माणूस पाचशे मागत होता. दरवेळी पाचशे कोण घालणार, म्हणून नऊशेचा चुंबक मागवला. ६० मिलिमीटरचा निओडिमियम, मागे लोखंडी वाटी, दोर बांधायला कडं. खोक्यावर 'ओढ १२० किलो'.

पहिल्या बुडीत पान्हा वर. दुसऱ्या बुडीत कडी, तीन खिळे आणि बायकोची केसांची पिन. मग आईचा स्टीलचा तांब्या काढायला गेलो, तो जागचा हलेना. भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये निकेल असतं, ते चुंबकाला दाद देत नाही. आई म्हणाली, "नऊशे रुपये घालून एक तांब्या निघंना व्हय रे?" शेवटी बांबूला आकडा बांधून काढला.

त्या १२० किलोवरून मी तेव्हाच एक स्टार देणार होतो, कारण कपाटाच्या पत्र्यावरून तो लगेच सुटायचा. पण हा आकडा जाड, सपाट, स्वच्छ लोखंडावरून सरळ ओढल्यावरचा असतो. पत्रा पातळ असला किंवा गंज, रंग मधे आला की ओढ पार घसरते. एकदा गेटच्या जाड पट्टीला लागला, तर आम्हा दोघांना निघेना. आडवा सरकवून काढला, त्यात करंगळीचं कातडं गेलं. तक्रार मागे घेतली.

खरी तक्रार पॅकिंगची आहे. खोक्यात नुसतं थर्माकोल. जोर अडवायला तोंडावर ठेवतात ती साधी लोखंडी पट्टीसुद्धा नाही. मी तो टीव्हीखालच्या खणात टाकला. दोन दिवसांत तिथलं बाबांचं चावीचं एचएमटी रोज दहा मिनिटं पुढे जायला लागलं. आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग घड्याळ पळतं. नवी पेठेतल्या घड्याळजीनं चुंबकत्व घालवणाऱ्या एका डबीवर ठेवून बटण दाबलं, पन्नास रुपये घेतले, झालं. माझं सेलचं घड्याळ चुंबकाजवळ थांबलं आणि लांब नेल्यावर आपोआप चालू झालं.

मग मी सगळंच तपासलं. पेनड्राइव्हला काही झालं नाही, त्यात माहिती विजेच्या भारानं साठवलेली असते. सीडी तर प्रकाशानं वाचतात. जुनी हार्डडिस्कही ठणठणीत. बंद पडलेली एक उघडली, तर आतच निओडिमियमचे दोन तुकडे बसवलेले. एटीएम कार्डाची काळी पट्टी गेली असेलही, पण मशीन चिप वाचतं. म्हटलं, लोक उगीच घाबरवतात, आणि पाच स्टार ठोकले.

संक्रांतीला आजीची कॅसेट लावली. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत घरीच भरलेली, तिच्या ओव्या, मागे मिरवणुकीतलं "हर्र बोला हर्र". ती त्याच खणात होती. दर तीनेक सेकंदांनी आवाज बुडायचा, परत वर यायचा. एका ओवीत "सिद्धरामा" ऐकू येतं, पुढच्या ओवीत नुसतं "सिद्ध". आधी टेपरेकॉर्डरवर राग काढला, हेड पुसलं. मग लक्षात आलं, फीत गुंडाळलेली होती आणि चुंबक तिच्या एकाच बाजूला. म्हणजे प्रत्येक वेढ्याचा तेवढाच भाग पुसला गेला. शेवटाकडे वेढे लहान होत जातात, तसं बुडणंही दीड सेकंदावर येतं. कॅसेटची फीत पुसायला तीन-चारशे ओर्स्टेड (चुंबकी जोराचं माप) पुरतात, हार्डडिस्कच्या तबकडीला त्याच्या दहापट लागतात. हे कळलं, पण उशिरा.

आता तो हौदाजवळच्या कोनाड्यात, दोन किलोच्या जुन्या लोखंडी वजनावर पालथा असतो. वाटीमुळे त्याच्या पाठीमागे तसाही फारसा जोर नसतो. शेजारचे अण्णा मागायला आले होते, त्यांना दिला नाही. त्यांना पेसमेकर आहे, आणि तो असलेल्यांनी असल्या चुंबकापासून किमान १५ सेंटिमीटर लांब राहायचं असतं. मीच जाऊन त्यांची बादली काढून दिली. पत्र्याची होती, पटकन आली.

विक्रेत्याला लिहिलं, दहा रुपयांची लोखंडी पट्टी आणि दोन ओळींची सूचना टाकली असती तर काय बिघडलं असतं? उत्तर आलं: 'कृपया आमच्या वस्तूला रेटिंग द्या.' दिलं.