न्यूव्हिस्टर की जर्मेनियम ट्रान्झिस्टर?

ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्या निर्वात नळीचा, बाजार उठला, असं सरसकट म्हटलं जातं. पण १९५९ मध्ये आरसीए या अमेरिकन कंपनीने न्यूव्हिस्टर बाहेर काढला, तेव्हा सामना एवढा एकतर्फी नव्हता.

न्यूव्हिस्टर म्हणजे काचेऐवजी धातू आणि सिरॅमिकचा, जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचा व्हॉल्व्ह. आत अभ्रकाचे आधार नाहीत. नळकांड्यासारखे इलेक्ट्रोड एकात एक, तळाशी घट्ट धरलेले. त्यामुळे तो धक्के बऱ्यापैकी सोसतो.

बॅटरीचा प्रश्न आला की न्यूव्हिस्टर बाद. ६सीडब्ल्यू४ या गाजलेल्या नगाचं हीटरच, म्हणजे व्हॉल्व्ह चालण्यासाठी आतून तापवणारी तारच, ६.३ व्होल्टवर सुमारे ०.१३ ॲम्पियर खातं, म्हणजे आवाज निघायच्या आधीच पाऊण वॉटहून जास्त खर्च! उलट १९५४ चा रीजन्सी टीआर-१ हा खिशातला रेडिओ चार ट्रान्झिस्टर आणि २२.५ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालायचा.

पण टीव्हीच्या ट्यूनरमध्ये, जिथे अँटेनाचा क्षीण सिग्नल फारशी खरखर न मिसळता वाढवायचा असतो, तिथे मी तरी त्या काळी न्यूव्हिस्टरच निवडला असता. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर तापला की गळती प्रवाह वाढतो आणि बायस, म्हणजे त्याच्या कामाची ठरवून दिलेली पातळी, सरकते. शिवाय न्यूव्हिस्टरचा इनपुट इम्पिडन्स भरपूर, म्हणजे येणाऱ्या सिग्नलवर तो फारसा भार टाकत नाही, म्हणून टेक्ट्रॉनिक्सच्या ऑसिलोस्कोपमध्ये (विद्युत लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रात) आणि एकेजी सी१२ए मायक्रोफोनमध्येही तो बसला.

पुढे त्याची ही जागा घेतली ती फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टरने, म्हणजे विद्युतक्षेत्राने प्रवाह आवरणाऱ्या ट्रान्झिस्टरने. जर्मेनियमला ते जमलं नव्हतं.