इंग्लंडच्या खेड्यातलं कॉटेज आणि बुडणारी अनामत

कॉट्सवोल्ड्समधल्या एखाद्या खेड्यातलं दगडी कॉटेज, दोन बेडरूम, मागे बाग, भाडं महिना फक्त 700 पौंड, अशी फसवी जाहिरात दिसते. फोटो खरे असतात, पण चोरलेले. बहुधा सुट्टीत भाड्याने जाणाऱ्या घराच्या वेबसाइटवरून. मालक 'परदेशात', घर दाखवायला कुणी नाही, 'आणखी तिघं थांबलेत'. मग पीडीएफमध्ये करारनामा येतो, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती मागतात, आणि अनामतीसोबत सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागून पुण्या-नागपूरहून निघालेले नर्स-डॉक्टर नेमके इथे सापडतात. तिथे जामीनदार नाही, क्रेडिट हिस्टरी नाही. त्यामुळे ही मागणी त्यांना रास्तच वाटते.

ती बेकायदा आहे. 2019च्या कायद्यानुसार घर राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त नाही. 700 पौंडांच्या घराला हे आकडे साधारण 161 आणि 807 होतात. 1 मे 2026पासून एका महिन्याहून अधिक भाडंही आगाऊ मागता येत नाही.

'घर पाहूनच पैसे द्या' हा सल्ला बरोबर, पण अपुरा. काही भामटे तेच कॉटेज शनिवार-रविवारसाठी रीतसर भाड्याने घेतात आणि मालक म्हणून दाखवतात. दारापाशी आकड्यांची किल्लीपेटी, कपाटं रिकामी, भिंतीवर वायफायच्या पासवर्डची पाटी दिसली, तर तिथे पाहुणे येऊन-जाऊन असतात असं समजा. शेजाऱ्याला किंवा गावातल्या पबमध्ये विचारा. खेड्यात कोणतं घर कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं; शहरात ही सोय नाही.

कागदावर पडताळायला एचएम लँड रजिस्ट्री, म्हणजे घर-जमिनीच्या मालकीची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय, तिथला उतारा काढा. सरकारी साइटवर 7 पौंड पडतात. त्याच कामाचे कितीतरी जास्त घेणाऱ्या खासगी साइट असतात, त्या टाळा. खेड्यातल्या घरांना बऱ्याचदा नंबर नसतो, नुसतं नाव असतं, म्हणून पोस्टकोड टाकून शोधा. उताऱ्यावरचं मालकाचं नाव, त्याचं ओळखपत्र आणि बँक खात्याचं नाव, तिन्ही जुळायला हवीत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात राहिलेलं, कधी विकलंच न गेलेलं कॉटेज मात्र नोंदलेलं नसू शकतं, कारण विक्रीनंतरची नोंदणी देशभर सक्तीची झाली ती डिसेंबर 1990मध्ये. तेव्हा घराच्या विम्याचा कागद मागा. एजंट मध्ये असेल तर त्याचं तक्रार निवारण योजनेचं सदस्यत्व त्या योजनेच्याच साइटवर तपासा. लेटरहेडवरचं चिन्ह कुणीही छापतं.

पैसे भारतातून वायर करू नका. ब्रिटनमधल्या दोन खात्यांत झालेल्या अशा फसवणुकीत 7 ऑक्टोबर 2024पासून बँकांना 85,000 पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते; परदेशातून आलेल्या पैशांना हे संरक्षण नाही. पैसे पाठवताना ब्रिटिश बँकेच्या अ‍ॅपने खातेदाराचं 'नाव जुळत नाही' म्हटलं की तिथेच थांबा. 'खातं बायकोचं आहे' हे उत्तर मान्य करू नका.

पैसे गेलेच, तर ब्रिटनमधून 159 लावून आपल्या बँकेशी बोला. भारतातल्या खात्यातून गेले असतील तर आधी बँकेला कळवून लगेच 1930 या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. चॅट, जाहिरात, करारनामा यांचे स्क्रीनशॉटही लगेच घ्या, कारण जाहिरात काही तासांत काढून टाकलेली असते.