कॅलिपर घरी रंगवायचे तर ब्रशने, स्प्रेने की पावडर कोटिंग करून?

अलॉय चाकांचे आरे मोकळे असले की मागचा गंजका कॅलिपर लपत नाही. कॅलिपर म्हणजे ब्रेक दाबल्यावर पिस्टनच्या जोरावर पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर आवळणारा भाग. बहुतेक गाड्यांचे कॅलिपर ओतीव लोखंडाचे असतात. पाणी, चिखल आणि उष्णता रोज अंगावर घेणारं लोखंड तांबूस होणारच. त्या वरवरच्या गंजाने ब्रेकचं सहसा काही बिघडत नाही, आणि रंग लावल्याने ब्रेक जास्त लागतही नाहीत. हे काम दिसण्यासाठी आणि थोडाफार गंज अडवण्यासाठी, एवढंच. पत्र्याच्या चाकांवर प्लॅस्टिकचे कप असतील तर पुढचं वाचायचीही गरज नाही, कारण आत काय रंगवलंय ते कोणाला दिसणार नाही. मागे ड्रम ब्रेक असतील तर तिथे कॅलिपरच नसतो, काम निम्म्यावर येतं.

पर्याय तसे चार. त्यातला एक आधीच बाजूला काढतो: वरून बसवायची लाल-पिवळी कव्हरं. ती दहा मिनिटांत बसतात, पण चाकाच्या आतली जागा आधीच जेमतेम असते. क्लिप सैल झाली की कव्हर रिमला घासतं, शिवाय कॅलिपरला लागणारी हवा अडते. ज्या भागावर गाडी थांबणं अवलंबून आहे तिथे सैल होऊ शकणारी वस्तू मी लावणार नाही.

उरले स्प्रे, ब्रश आणि पावडर कोटिंग. पहिले दोन मी एकाच गाडीवर करून पाहिले, तेही ठरवून नव्हे. डावीकडचं पुढचं चाक काढून स्प्रेने सुरुवात केली आणि उजवीकडे येईपर्यंत वैतागून ब्रश हातात घेतला.

स्प्रेचा रंग सुरेख बसतो यात वाद नाही. पातळ, सारखा, ओघळ नाही. पण कॅलिपर म्हणजे सपाट दरवाजा नाही. त्याच्या मागे ब्रेक ऑइल आणणारा होस, शेजारी एबीएसच्या (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर, मध्ये डिस्क, आत पॅड, पिस्टनभोवती रबरी बूट म्हणजे धूळ अडवणारं टोपण, सरकत्या पिनांवर तशीच छोटी बुटं आणि मागच्या अंगाला ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायची तोटी. हे सगळं टेप आणि रद्दीने झाकायला मला दीड तास लागला, फवारणी पंधरा मिनिटांत उरकली. एवढं करूनही कागद सोडवल्यावर डिस्कच्या आतल्या बाजूला लाल धुक्यासारखा पट्टा दिसला. कागदाची एक कड उचलली गेली होती. डिस्क थिनरने पुसली, मग ब्रेक क्लीनर मारला, पण पॅडच्या कडेला शिंतोडे दिसल्यावर तो पॅड पुन्हा बसवायची हिंमत झाली नाही. नवीन जोडी टाकली. म्हणजे वाचलेला वेळ पॅडने खाल्ला.

उजवीकडे दोन भागांचा, हार्डनर मिसळायचा रंग आणि अर्धा इंची ब्रश. कोपऱ्यांसाठी चित्रकलेचा बारीक ब्रश. इथे टेप फक्त बूट, निपल आणि पॅड टेकतात त्या जागांना लावली, बाकी हात सांभाळला की पुरतं. ब्रशच्या रेषा दिसतील ही माझी भीती फुकट गेली. ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग मुळात खरबरीत असतो आणि हा रंग घट्ट असला तरी सुकताना स्वतःच पसरतो. पहिला हात बघवत नाही, खालचं लोखंड डोकावत असतं. तिथे घाबरून जाड थर द्यायचा नाही, दुसऱ्या हाताला सगळं झाकलं जातं. एक मात्र आहे: हार्डनर पडला की घड्याळ सुरू. काही तासांत डब्यातला रंग चिकट होत जातो, म्हणून दोन चाकांपुरताच कालवावा. मिश्रण आणि दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तोच पाळावा. स्प्रेलाही हे लागू आहे. काही स्प्रेंवर दुसरा हात एका तासाच्या आत नाहीतर थेट आठवड्याने द्यावा असं लिहिलेलं असतं. मधल्या काळात मारला तर खालचा रंग सुरकुततो.

रंग कुठल्याही पद्धतीने लावा, तो उष्णतेचा आणि कॅलिपरसाठीचाच हवा. असे रंग 450 ते 500 अंश सेल्सिअस सोसतात असा डब्यावर दावा असतो, पण तो बहुधा थोड्या वेळापुरत्या तापमानाचा असतो. रोजच्या चालवण्यात कॅलिपर तेवढा तापत नाही. उतारावर किंवा ट्रॅकवर सतत ब्रेक दाबणाऱ्याने मात्र पांढरा आणि फिका पिवळा टाळावा, तापून ते मळकट होतात. लाल सगळ्यांना आवडतो, पण पॅडची काळी धूळ बसल्यावर सगळ्यात सुसह्य दिसतो तो करडा.

पावडर कोटिंगचं गणितच वेगळं. रंगाची कोरडी पूड विद्युतभाराने धातूवर चिकटवतात आणि साधारण 180 ते 200 अंशांच्या भट्टीत वितळवून पक्की करतात. टिकाऊपणात ते बाकी दोघांच्या पुढे आहे. पण त्या भट्टीत पिस्टन, सील आणि बूट ठेवता येत नाहीत, म्हणजे कॅलिपर पूर्ण उघडायचा, नंतर नवीन सील टाकायचे, होस जोडायचा आणि ब्रेकमधली हवा काढायची. काही एबीएस गाड्यांत त्यासाठी गाडीच्या संगणकाला स्कॅनरही जोडावा लागतो. कॅलिपर गळतोय किंवा पिस्टन अडकतोय म्हणून तो उघडणारच असाल, तर त्याच खेपेत कोटिंग करून घ्या. नुसत्या रंगासाठी चांगले चाललेले सील उपसणं मला पटत नाही.

मग प्रश्न येतो किती खोलायचं याचा. कॅलिपर जागेवरच ठेवून ब्रशने रंगवला तर फारसा धोका नाही, पण मागची बाजू अर्धवट राहते. तशीही ती दिसत नाही. दोन बोल्ट काढून कॅलिपर बाजूला घेतला तर साफसफाई फार सोपी होते. तेव्हा तो होसवर लोंबकळत ठेवू नये, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधावा, आणि तो बाहेर असताना ब्रेकच्या पेडलला कोणी पाय लावू नये, पिस्टन निसटून बाहेर येतो. होस मात्र काढू नका. डॉट 3 आणि डॉट 4 ब्रेक ऑइल रंग अक्षरशः सोलून काढतं, एक थेंब ताज्या रंगावर पडला तरी तिथे फोड येतो.

खरी मेहनत रंगात नाही, घासण्यात आहे. माझा तीन चतुर्थांश वेळ वायर ब्रश, जुना टूथब्रश आणि ब्रेक क्लीनर यांच्यात गेला. क्लीनर मारून पांढऱ्या फडक्याने पुसायचं, फडकं काळं आलं की पुन्हा. डाव्या बाजूला ओतीव आकड्यांच्या खाचेत थोडं ग्रीस राहिलं होतं, आणि पहिला पोपडा नेमका तिथूनच सुटला. पॅडची धूळ हवेच्या झोताने उडवू नका. ती फुफ्फुसांना वाईटच, जुन्या पॅडमध्ये तर ॲस्बेस्टॉसही असू शकतं. ओल्या फडक्याने टिपा, मास्क लावा. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर, आणि जमिनीवरच्या चाकांना ठोकळे.

चाक हबला, म्हणजे ते ज्यावर नटांनी बसवतात त्या मधल्या भागाला, जिथे टेकतं त्या सपाट जागेवर रंग जाऊ देऊ नका. तो थर नंतर दबतो आणि नट सैल पडतात. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोराने, आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. रंगाला किमान एक रात्र तरी द्यायचीच.

तेव्हा घरी, पहिल्यांदाच करणार असाल तर ब्रश. कॅलिपर आधीच सुटा होऊन टेबलावर आलेला असेल आणि झाकायला फक्त बुटं व ऑइलची तोंडं उरली असतील, तर स्प्रे त्याच्यापेक्षा देखणा दिसेल.

माझ्या डावीकडच्या पोपड्यावर नंतर ब्रशच्याच रंगाने हात फिरवला. तिथला लाल जरा गडद दिसतो. गाडीच्या दोन्ही बाजू एकदम कोणालाच दिसत नाहीत, म्हणून तसाच सोडलाय.