अलिबागजवळचा गो-कार्ट ट्रॅक: मनगटांची परीक्षा

अलिबागजवळच्या या ट्रॅकवर पॉवर स्टिअरिंग नसलेली कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, १० मिनिटे चालवली, तरी मनगटे आणि खांदे असे भरून येतात, की शर्यतीच्या चालकाला खेळाडू मानावे का, हा वाद तिथल्या तिथे मिटावा. फॉर्म्युला वनमध्ये तर वेगवान वळणांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५ पट बल सोसावे लागते, हेल्मेटसह डोके सावरण्यासाठी मानेचा स्वतंत्र व्यायाम करावा लागतो आणि उष्ण हवेतील शर्यतीत २ ते ३ किलो वजन घामावाटे घटू शकते. (मे महिन्यातल्या कोकणात हेल्मेट घालणाऱ्यास हे वेगळे सांगायला नको.) कार्टची निगा उत्तम आहे, हेल्मेटच्या आतले अस्तर मात्र दमट आणि कुबट असते. स्वतःचा रुमाल न्यावा आणि शक्यतो संध्याकाळची फेरी घ्यावी.