वायर सोडून बाकी बरं : नऊ महिने वापरलेलं सोल्डरिंग स्टेशन

गणपती चार दिवसांवर आले होते आणि सोल्डरिंग स्टेशनचा (म्हणजे कथलाने तारा जोडायच्या, तापमान राखणाऱ्या यंत्राचा) लाल दिवा लुकलुकायचा थांबला. ज्यांच्याकडे हे आहे त्यांना यातली धास्ती कळेल. बिट, म्हणजे कथील वितळवणारं टोक, हवं तेवढं तापलं की दिवा पेटतो-विझतो, पेटतो-विझतो. त्या रात्री दिवा पेटला तो पेटलाच. दहा मिनिटांनी बिटाला कथलाची तार टेकवली, तर ती नुसती वाकली. समोर गल्लीच्या मंडळाच्या रोषणाईचा बोर्ड अर्धवट पडलेला. ठेका देणारा ५५५ बसवला होता, पाळीपाळीने दिवे पेटवणारा ४०१७ बसवला होता (दोन्ही आयसी, म्हणजे चिप), पण ४०१७ ला आउटपुट दहा आणि पट्ट्यांचा भार उचलणाऱ्या एका यूएलएन २००३ आयसीमध्ये वाटा सातच, म्हणून दुसरा यूएलएन घालायचा होता आणि एलईडी पट्ट्यांच्या सगळ्या वायरी जोडायच्या राहिल्या होत्या. दाराशी मंडळाची दोन पोरं उभी. "काका, होतंय न्हवं?"

होतंय म्हणालो. आणि मग जे झालं त्यामुळे हे लिहायला बसलोय.

स्टेशनची माहिती नव्याने काय सांगायची. जपानी हाक्को कंपनीच्या ९३६ स्टेशनची नक्कल, आत जड ट्रान्सफॉर्मर, २४ व्होल्टचा हीटर, पुढे तापमानाचा गोल खटका. असले डबे घरोघरी आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खोक्यावर एक नाव आहे, बिलावर दुसरं आणि गॅरंटी कार्डावर तिसरंच. जानेवारीत १,९५० रुपयांना मागवलं. त्याआधी तेरा वर्षं माझ्याकडे २५ वॅटची साधी गन होती. (बंदुकीचा आकार नसला तरी आमच्याकडे गनच म्हणतात.) पाण्याच्या टाकीचा इंडिकेटर, इमर्जन्सी लाईट, टीडीए २०३० चा ॲम्प्लिफायर, सगळं तिच्यावरच केलेलं. त्यामुळे पार्सल फोडताना बायकोने विचारलं ते रास्तच होतं. "अहो, आहे त्या गननं काय होत न्हाई म्हणून दोन हजार घालूलालाय?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण पहिल्या संध्याकाळीच त्या वायरीने मला खोटं पाडलं.

या वायरीबद्दल कुणीच का लिहीत नाही हे मला नऊ महिन्यांत समजलेलं नाही. सगळे तापमान, वॅट आणि बिटं यांवर लिहितात. हँडलपासून डब्यापर्यंत जी वायर येते ती पीव्हीसीची, पाच तारांची, करंगळीएवढी जाड आणि विहिरीच्या दोरखंडासारखी ताठ. जानेवारीत आमच्या बेळगावच्या वडगावात रात्री थंडी चांगलीच असते, तेव्हा ती आणखी कडक होते. खोक्यात घडी घालून आली होती, त्या घड्या अजून तिच्या अंगात आहेत. तुम्ही हँडल धरून आयसीच्या पायाशी बिट नेता आणि वायर मागून तिच्या मनाने ओढते. मी उद्यमबागेत लेथवर काम करतो, हाताला कापरं नाही. पण या वायरीपुढे ४०१७ चे सोळा पाय म्हणजे सोळा वेळा देवाचं नाव घ्यायची पाळी.

हँडल स्टँडवर ठेवलं तरी सुटका नाही. वायर हळूहळू पीळ सोडते आणि हँडल आपोआप बाहेर येतं. पहिल्या महिन्यात दोनदा असं पडलं. एकदा टेबलक्लॉथला भोक पडलं, एकदा माझ्या मांडीला चटका बसला. तेच तापलेलं बिट वायरीलाच लागलं की पीव्हीसी वितळतं, घाणेरडा वास सुटतो आणि काळा डाग कायमचा राहतो. सिलिकॉनची वायर असती तर असल्या ओझरत्या स्पर्शाने तिला काही झालं नसतं. दोन हजारांच्या वस्तूत मीटरभर सिलिकॉनच्या वायरीचे किती वाचवले असतील? पन्नास? शंभर?

मग मी माझी युक्ती केली. वरच्या फळीला खिळा मारला, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून टांगली आणि हँडलच्या मानेच्या दोन बोटं वर वायरीला प्लॅस्टिकचा टाय आवळून ती पट्टीला अडकवली. वायर हवेत तरंगायला लागली, ओढ निम्म्याने कमी झाली. या युक्तीचा मला फार अभिमान होता. गल्लीतल्या दोघांना बोलावून दाखवलीसुद्धा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चांगलं. मार्च-एप्रिलपर्यंत माझं मत 'पैसे पाण्यात' असंच होतं. वैशाखातल्या शिवजयंतीने ते बदललं. आमच्याकडची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको की एकेका चित्ररथावर किती दिवे असतात. चित्ररथामागे मशाली लुकलुकल्यासारख्या दिसाव्यात म्हणून सहा बोर्ड करायचे होते. दोन रात्रींत झाले. जुन्या गनवर एक जाड वायर जोडली की बिट थंड पडायचं, मग थांबा, तापू द्या, पुन्हा टेकवा. इथे जाड जोड असो की बारीक, बिट तसंच गरम राहतं. बारा सांधे एका दमात मारले, एकही फुगलेला किंवा मळकट झाला नाही. त्या रात्री मी बायकोला मुद्दाम उठवून बोर्ड दाखवला. ती "बरं" म्हणाली आणि झोपली.

बिटांचं मात्र शिकावं लागलं. पहिल्या महिन्यात खटका ४०० च्या वर ठेवायचो, जास्त उष्णता म्हणजे काम लवकर या समजुतीने. बिट काळं पडलं आणि कथील त्याला चिकटेना. ६०/४० चं कथील १८३ अंशांवर वितळायला लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतं, त्याला ३२०-३३० भरपूर झाले. काळं बिट कानशीने घासायचा मोह आवरा. आत तांबं आहे, वर लोखंडाचा पातळ मुलामा, तो गेला की कथील तांबं खात जातं आणि बिटाला खड्डा पडतो. मी एक असंच घालवलं. आणि सोबत येणारं सुईसारखं टोकदार बिट दिसायला भारी असलं तरी त्याने काही होत नाही, टोकाशी उष्णता पोचतच नाही. पटाशीसारखं चपटं बिट घ्या.

पावसाळ्यात आणखी एक कळलं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतीसुद्धा घाम गाळतात. बिट पुसून चकचकीत करून बंद केलं की दोन दिवसांत तांबूस होतं. बंद करताना वर कथलाचा थर तसाच ठेवायचा. सोबतचा पिवळा स्पंज मी टाकून दिला. बोअरच्या पाण्याने त्यावर पांढरं पडत होतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं विकतचं शुद्ध पाणी स्पंजाला घालण्याएवढा मी श्रीमंत नाही. पितळी तारेची घासणी एका डबीत बसवली आहे.

विजेचं बायकोला वाटत होतं तेवढं काही नाही. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, आमचं बिल शून्य येतं, पण सरासरीच्या वर थोडीच सूट असते, म्हणून तिचं मीटरवर बारीक लक्ष. हे पूर्ण तापत राहिलं तरी ५०-६० वॅट, म्हणजे सतरा ते वीस तासांना एक युनिट, आणि तापल्यावर तर ते मधूनमधूनच वीज ओढतं. हिशोब कागदावर करून फ्रीजला चिकटवलाय. लाईट गेली की इन्व्हर्टरवर चालतं, पण ट्रान्सफॉर्मर भुंग्यासारखा गुणगुणतो. माझा इन्व्हर्टर जुना चौकोनी लहरीचा आहे, दोष त्याचा. प्लगला टू-पिन अडॅप्टर लावून मात्र वापरू नका. बिटाला अर्थिंग नसेल तर ४०१७ सारखी सीमॉस जातीची नाजूक आयसी बसवतानाच मरू शकते आणि आपण डिझाइन तपासत बसतो.

तर गणपतीआधीची ती रात्र. गॅरंटी वर्षाची, वापर आठ महिन्यांचा. सकाळी कामावरून फोन केला. फॉर्म भरा म्हणाले. फॉर्मात पिनकोड टाकला की गावाचं नाव आपोआप 'बेळगावी' येतं, बदलता येत नाही. बिलावर विक्रेत्याने छापलंय 'बेळगाव'. संध्याकाळी संदेश आला : बिलावरचा पत्ता आणि फॉर्मातला पत्ता जुळत नाही, तक्रार बंद. फोन केला. पलीकडे हिंदीत बोलणारी मुलगी. तिला सांगितलं, बाई, दोन्ही एकच गाव आहे, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदललंय. ती म्हणाली, सर, आप मूव्ह हुए हैं क्या? नाही, मी इथेच आहे, नाव हललंय. पुन्हा फॉर्म, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, माझा तीन दिवसांत निकालात निघाला.

शेवटी कुणा वरिष्ठाने घेतलं आणि सांगितलं की स्टेशन बेंगळुरूला पाठवा, कुरिअर दोन्ही बाजूचं तुमचं, आणि 'हीटर जळाला असेल तर तो गॅरंटीत येत नाही, ती झिजणारी वस्तू आहे'. ट्रान्सफॉर्मरचं वजन बघता कुरिअरला साडेचारशे लागणार होते, एका बाजूचे. आणि हीटर गेलाय हे त्यांना फोनवरच कसं कळलं?

त्या रागातच मल्टिमीटर काढला. तो पहिल्याच रात्री काढायला हवा होता, पण गॅरंटी असली की माणूस आळशी होतो. हँडलचा प्लग डब्यातून काढून पिनांवर मोजलं. तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ५२ ओहम. हीटरच्या दोन पिनांमध्ये काहीच नाही, उघडं, म्हणजे वाट कुठेतरी तुटलेली. म्हणजे त्यांचं खरं, असं वाटून हँडल उघडलं. आत हीटर जिथे छोट्या पट्टीवर जोडलाय तिथे मोजलं तर ३.१ ओहम. हाक्कोच्या मूळ माहितीपत्रकात हीटरला २.५ ते ३.५ आणि सेन्सरला ४३ ते ५८ ओहम दिलेत. माझा नकली हीटर अगदी ठणठणीत होता. गेली होती ती वायर. तार सलग असली की वाजतं त्या पीं-पींवर मीटर लावून वायर वाकवत गेलो. मानेच्या दोन बोटं वर एका बाजूला वाकवली की पीं, दुसऱ्या बाजूला वाकवली की गप्प.

मी बायकोला हाक मारली, आईला हाक मारली. "बघा, मी जानेवारीपासून काय सांगूलालोय!"

मग तो टाय दिसला.

तार तुटली होती ती नेमकी मी आवळलेल्या टायच्या खाली. कित्येक महिने वायर त्याच एका जागी वाकत होती, कारण तिला तिथेच मीच बांधून घातली होती. आई चष्मा पुसून म्हणाली, "गळ्याला फास लावलास की रं तिच्या." तेव्हा इथे दुरुस्ती करून ठेवतो : वायर ताठ आहे हा कंपनीचा गुन्हा, ती तुटली हा माझा. मऊ वायर असती तर मी टाय बांधलाच नसता हेही खरं, पण हा युक्तिवाद घरात चालला नाही.

दुरुस्ती सोपी. आधी मोबाईलवर रंगांचा फोटो काढा, मग वायरीची तुटलेली चार बोटं कापून टाका, पाच तारा सोला, पट्टीवर पुन्हा जोडा. पाचवी तार अर्थिंगची, ती विसरू नका. फक्त जोडायचं कशाने? माळ्यावरून जुनी २५ वॅटची गन काढली. तेरा वर्षांची म्हातारी, वायरीला कापडी विणीचं आवरण, आणि ते आवरण इतकं मऊ की मी पाच मिनिटं नुसती वायर हातात धरून बसलो. वीस मिनिटांत काम झालं, लाल दिवा पुन्हा लुकलुकायला लागला आणि मंडळाचा बोर्ड आदल्या रात्री दोन वाजता पोरांच्या हातात दिला. अनंत चतुर्दशीपर्यंत एकही पट्टी बंद पडली नाही.

पाच तारांची सिलिकॉन वायर गावात मिळते का बघायला खडे बाजाराच्या बाजूला दोन दुकानं फिरलो. "तसली मागवावी लागते वो," दोघंही म्हणाले. मग ऑनलाइन ९०७ जातीचं अख्खं हँडलच मागवलं, सिलिकॉनची वायर लावलेलं, ३८० रुपये, हीटरसकट. दसऱ्याच्या आत आलं. डब्याला नीट बसलं, खटक्यावरचं आणि बिटावरचं तापमान जुळवायला आतला छोटा स्क्रू जरा फिरवावा लागला. वायर टेबलावर टाकली की पडून राहते, मेलेल्या सापासारखी. स्टँडवरून हँडल हलत नाही. फळीवरचा खिळा काढला.

म्हणजे १,९५० अधिक ३८०. घ्यायचं असेल तर हे हँडल पहिल्याच दिवशी सोबत मागवा आणि गॅरंटी कार्डाकडे बघू नका. जुनं हँडल सुट्या हीटरसाठी ठेवलंय. त्याची वायर कापून आईने नेली. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन खिळ्यांना बांधून तिच्यावर फडकी वाळत घालते. म्हणते, नायलॉनच्या दोरीपेक्षा बरी, जरासुद्धा वाकत नाही.